रंगाखालचा गंज

वाचकहो, जुन्या वस्तूविषयी मनुष्याच्या मनात दोन वृत्ती सदैव भांडत असतात. एक म्हणते, "जुने झाले, टाकून द्या." दुसरी म्हणते, "वाडवडिलांच्या वेळचे आहे, त्यास हात लावू नका." पहिलीला काटकसर ठाऊक नाही, दुसरीला परीक्षा ठाऊक नाही. या दोहोंच्या मधून जाणारी वाट दुरुस्तीची होय. परंतु दुरुस्ती हे नुसते सुताराचे अथवा लोहाराचे काम आहे असे समजू नये. तिच्या पोटी नीतीचा एक मोठा प्रश्न आहे, व तो एका नित्याच्या उदाहरणावरून स्पष्ट होण्यासारखा आहे.

वडखळच्या नाक्यावर गोव्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यापासून अलिबागचा रस्ता फुटतो. त्यामुळे नाना प्रकारची वाहने येथून जातात. अलीकडे त्यांत निजण्याची व स्वयंपाकाची सोय असलेल्या फिरत्या घरांची भर पडू लागली आहे; महाराष्ट्र सरकारने 2021 साली अशा कॅराव्हॅन पर्यटनासाठी धोरणही जाहीर केले. नवे फिरते घर घेणे सर्वांस परवडत नाही. म्हणून कोणी जुनी बस घेतो, तिची बाके काढतो, आतले सर्व सामान उपसून सांगाडा उघडा करतो, आणि त्यावर नवे घर उभारतो.

हे काम करणाऱ्यास प्रथम जे दिसते ते दुःखदायक असते. बाहेरून गाडी धडधाकट दिसते. परंतु आतले प्लायवूड काढले की छताच्या सांध्यांतून व खिडक्यांच्या कडांतून वर्षानुवर्षे झिरपलेले पाणी आपली करणी दाखवू लागते. तळाच्या फळ्या कुजलेल्या, लोखंडी पट्ट्या गंजून पापुद्रे सुटलेल्या. धरमतरच्या खाडीवरून येणाऱ्या खाऱ्या हवेत तर आणखी एक गोष्ट घडते. अॅल्युमिनियमचा पत्रा लोखंडी चौकटीवर ठोकलेला असला, व त्या दोहोंमध्ये खारट ओल शिरली, तर अॅल्युमिनियम झिजू लागते व सांध्यात पांढरी भुकटी साचते. दोन्ही धातू आपापल्या ठायी चांगले. त्यांच्या सांध्यात शिरलेली ओल मात्र नाशाचे कारण होते.

येथे मालकापुढे दोन मार्ग उभे राहतात. एक लांब व खर्चाचा आहे: गंज मुळापर्यंत खरवडावा, कुजलेला भाग कापून तेथे नवे लोखंड जोडावे, वर गंजरोधक रंग द्यावा, छतावर पाणी सोडून गळती उरली नाही ना हे पाहावे, आणि मगच आतील फळ्या बसवाव्यात. दुसरा मार्ग आखूड आहे: गंजावर लांबी भरावी, घासून गुळगुळीत करावी, वर झगझगीत रंग द्यावा. पहिल्या दिवशी या दोन गाड्यांत काडीचा फरक दिसत नाही. किंबहुना दुसरीच अधिक सुंदर दिसण्याचा संभव आहे, कारण तिच्या मालकाचा सर्व पैसा रंगावर खर्च झालेला असतो.

प्राचीन ग्रीक लोकांत याच जातीचा एक वाद होता. प्लुटार्क नामक ग्रंथकाराने लिहून ठेवले आहे की, थीसियस वीराचे तीस वल्ह्यांचे जहाज अथेन्सच्या लोकांनी पुष्कळ काळ जतन केले. जी फळी कुजे ती काढून ते नवी बसवीत. मग तत्त्वज्ञ विचारू लागले, हे तेच जहाज की दुसरे? पुढे सतराव्या शतकात हॉब्ज या इंग्रज पंडिताने पेच आणखी घट्ट केला: काढलेल्या जुन्या फळ्या गोळा करून कोणी त्यांचेही जहाज बांधले, तर खरे कोणते?

या प्रश्नावर पंडितांनी खुशाल वाद घालावा. परंतु जो उतारू त्या जहाजात पाय ठेवणार, त्याचा प्रश्न निराळा आहे. तो फळीचे वय विचारीत नाही; फळी भार सोसेल काय, एवढेच विचारतो. आमच्या मते नीतीच्या दृष्टीने हाच प्रश्न मुख्य होय. आपली एस. टी. घ्या. पहिली गाडी 1 जून 1948 रोजी पुणे ते अहमदनगर अशी धावली. त्या वेळच्या गाडीचा एक खिळाही आजच्या गाडीत नाही. तरी वाटेवर हात करणारी म्हातारी तिला एस. टी. म्हणूनच ओळखते, कारण गावच्या मनुष्यास सुखरूप पोहोचविण्याचे काम तेच राहिले आहे. महामंडळाच्या कार्यशाळांत जुन्या सांगाड्यांवर नव्या लोखंडी बांधणीच्या गाड्याही तयार झालेल्या आहेत. तेथेही सांगाडा भार सोसण्याजोगा असेल तरच वरच्या नव्या बांधणीस अर्थ आहे.

कोणी म्हणेल, "नुसती वर्षे मोजली म्हणजे झाले." कायद्याने तसे केलेही आहे: पंधरा वर्षांवरील सरकारी वाहने 1 एप्रिल 2023 पासून मोडीत काढण्याचा नियम झाला. कायद्याला प्रत्येक गाडी उकलून पाहता येत नाही, म्हणून त्याला कोठे तरी रेघ ओढावी लागते. परंतु ज्याच्या हाती स्वतःची वस्तू आहे, त्याला ती उकलून पाहता येते; म्हणून त्याची जबाबदारी कायद्याहून मोठी आहे. चांगली पट्टी केवळ जुनी म्हणून फेकणे ही उधळपट्टी होय, व कुजलेली पट्टी केवळ आजोबांच्या वेळची म्हणून ठेवणे हे खोटे प्रेम होय.

याच हमरस्त्यावर, महाडजवळ, सावित्री नदीवरचा 1928 सालचा दगडी पूल 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री पुरात कोसळला, व दोन एस. टी. गाड्यांसह अनेक जीव वाहून गेले. त्या रात्री पुलावर आलेल्या उतारूंस पायाची स्थिती कळण्याचा काही मार्ग नव्हता. ज्याला आत पाहता येत नाही, तो पाहू शकणाऱ्याच्या भरवशावर चालत असतो. म्हणून झाकलेला भाग हाच विश्वासाचा भाग होय.

आता एक आक्षेप राहतो, व तो गरिबाचा आहे. तो म्हणतो, "सगळे उकलण्यास माझ्याजवळ पैसा नाही. रंगच काय तो मला परवडतो." या आक्षेपाचा उपहास करू नये, आपल्या पुष्कळ घरांची हीच स्थिती आहे. त्यास उत्तर असे की, थोडे करणे हा अपराध नव्हे. यंदा एकच कोपरा दुरुस्त करा, पुढील वर्षी दुसरा. पण जो कोपरा राहिला तो उघडा राहू द्या, व गाडी विकण्याची वेळ आली तर घेणाऱ्याला तो बोट लावून दाखवा. गंज असणे हे दारिद्र्य असेल. गंजावर लांबी भरून ती चांगली म्हणून देणे हा मात्र अप्रामाणिकपणा होय.

हाच न्याय घराला, गावाला व मंडळीलाही लागू आहे. दोन भावांच्या जमिनीचा तंटा लग्नाच्या मांडवाखाली झाकला जातो. संस्थेच्या हिशेबातली भेग वार्षिक समारंभाच्या पताकांनी झाकली जाते. काही दिवस सर्व शोभून दिसते, आणि ओल आत आपले काम करीत राहते. सण यावा, रंगही यावा. परंतु आधी फळ्या काढाव्यात, सांधे पाहावेत, पाणी सोडून परीक्षा करावी. वाचकांनी आपापल्या घरी व संस्थेत एवढे एकदा करून पाहावे, व जे भार सोसते ते राखून जे सोसत नाही ते बदलावे.