अनंताची फांदी

ज्येष्ठातल्या एका सकाळी अंगणातील अनंताची फुललेली फांदी तोडून मी ती पेल्यात ठेवली आणि पोस्टकार्डाएवढ्या कागदावर तिचे जलरंगचित्र काढावयास बसलो. पुतणी जवळ येऊन म्हणाली, "काका, झाडापाशी बसून नसते का काढता आले?" पाऊस, वारा, क्षणोक्षणी पालटणारा उजेड, अशी कारणे मी सांगितली. ती सारी खरी होती. परंतु ती माझ्या सोयीची होती, फांदीच्या नव्हे.

मनाने लगेच वकिली आरंभिली. आई देवासाठी रोज फुले खुडतेच ना? शिवाय हे फूल शुभ्र उमलते आणि एकदोन दिवसांत पिवळे पडते. नाव तेवढे अनंत! चित्रात तरी ते टिकेल. परंतु देवाला फूल वाहणारा ते देऊन टाकतो. आपण ते अमर केले असे म्हणत नाही. मी मात्र घेतही होतो आणि वर उपकाराची भाषाही बोलत होतो.

चित्रात टिकते तरी काय? चार्ल्स रेनी मॅकिंटॉश या स्कॉटिश वास्तुशिल्पज्ञाने १९१४ साली इंग्लंडमधील वॉल्बर्सविक या समुद्रकाठच्या खेड्यात फुलांची अनेक जलरंगचित्रे काढली. त्यांवर तो गावाचे नाव, साल आणि आपल्या आद्याक्षरांबरोबर पत्नीचीही आद्याक्षरे लिही. म्हणजे टिकते ते फूल नव्हे; कोणी, कोठे, कोणाच्या संगतीने ते पाहिले, एवढेच टिकते.

आणखी एक गोष्ट कुंचल्यानेच शिकविली. जलरंगात पांढरे फूल रंगवावयाचे नसते, राखावयाचे असते. भोवतीची हिरवी पाने भरीत यावे आणि पाकळीच्या कडेशी थांबावे. कोरा उरलेला कागद हेच फूल. तेथे एकदा रंग उतरला की मूळची शुभ्रता पुरती परत येत नाही. चित्रातील सर्वांत सुंदर भाग मी हात न लावल्यामुळेच साधला होता. जो संयम कागदाशी पाळला, तो झाडाशी पाळावयास काय हरकत होती?

फांदी तोडणे हे काही महापाप नव्हे, माळीही छाटतोच. परंतु आपल्या सोयीला सौंदर्यप्रेम म्हणणे, ही लबाडी खचित आहे.

तिसऱ्या दिवशी पेल्यातील फुले पिवळी पडली. मी झाडापाशी बसलो. पुतणीने छत्री धरली. चित्र अर्धेच झाले, आणि एका पानाचा रंग पावसाने ओघळला. कोपऱ्यात आम्हां दोघांची आद्याक्षरे लिहून मी ते तसेच ठेवले आहे.