विचारले कोणाला?

यरीहोच्या वाटेवर बसलेला बार्तीमय आंधळा होता, हे गर्दीतल्या प्रत्येकाला दिसत होते. तरीही त्याला काय हवे, हे येशूने त्यालाच विचारले. शब्बाथ शाळेत हा धडा शिकविताना आपण त्याला दृष्टी मिळाली तेथे रमतो. त्या प्रश्नापाशी फारसे थांबत नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळीने मंदिराच्या पायऱ्यांशेजारी चाकाच्या खुर्चीसाठी उतरण बांधली. वर्गणी निघाली, गवंडी आला, प्रार्थना झाली. ज्या भगिनीसाठी बांधली तिला मात्र कोणी विचारले नाही. उतरण इतकी उभी झाली की दोघांनी ढकलल्यावाचून खुर्ची चढेना, आणि उतरताना ती डोळे मिटून घेई. "उचलून नेत होतात तेच बरे होते," असे ती हसून म्हणाली. आम्हांला काही हसू आले नाही.

अशी चूक संशोधनात झाली तर ती पुस्तकात जाते, आणि तेथून शेकडो रुग्णांच्या वाट्याला येते.

डॉ. पॉल ब्रँड १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात आले. कुष्ठरोगाने वाकलेली बोटे ते शस्त्रक्रियेने सरळ करीत. पण बरे होऊन सुतारकामाला बसलेल्या मुलांच्या हातांना पुन्हा जखमा होत. हा रोगच मांस खातो, अशी समजूत होती. मग मुलांनीच रोज हात तपासून प्रत्येक जखमेचा माग काढायचा, असे ठरले. हत्याराची खडबडीत मूठ, तापलेले भांडे, अशी एकेक कारणे सापडत गेली. रात्रीतून बोटांचे तुकडे नाहीसे होत, तो तर उंदरांचा प्रताप निघाला; झोपलेल्याला वेदनाच कळत नव्हती. रुग्णांना मांजरे देण्यात आली! शस्त्रक्रियेचे ज्ञान डॉक्टरांचे खरे, पण त्या हातांबरोबर रात्रंदिवस राहत होती ती मुले.

तेथल्याच डॉ. मेरी व्हर्गीस १९५४ च्या मोटार अपघातात कमरेखाली पांगळ्या झाल्या. खुर्चीत बसून त्यांनी कुष्ठरुग्णांच्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या, आणि पुढे त्या तेथील पुनर्वसन विभागाच्या प्रमुख झाल्या.

काही बंधू म्हणतील, रोग्याला शास्त्रातले काय कळते? शास्त्र शिकायला वर्षे लागतात हे मान्य. पण एका पायाने बाजार गाठायला शिकण्यातही वर्षे जातात. संशोधकाला चालण्याचा वेग मोजायचा असतो. रुग्णाला कदाचित शौचाला एकट्याने जाता यावे, एवढेच हवे असते. मोजायचे काय, हे ठरविताना तो खोलीत नसेल तर पुढे त्याची सही घेऊन काय उपयोग?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील कलम ६ प्रमाणे अशा संशोधनाला त्या व्यक्तीची मोकळ्या मनाने, समजून दिलेली संमती लागते. शिवाय परवानगी देणाऱ्या समितीत निदान निम्मे सभासद स्वतः दिव्यांग किंवा त्यांच्या नोंदणीकृत संघटनांचे असावे लागतात. तरतूद चांगली आहे. तथापि ज्याची खाट, औषध आणि जेवण त्याच इस्पितळावर अवलंबून, तो "नाही" कोणत्या तोंडाने म्हणणार? एखाद्याला समितीत बसवून चहा पाजून परत पाठविणेही अवघड नाही. त्याचे गाडीभाडे आणि बुडालेली मजुरी कोण देणार, हा प्रश्न क्षुल्लक वाटतो. तो क्षुल्लक नाही.

आमची ती उतरण अखेर पाडली. नवी आखताना दोरीचे एक टोक त्या भगिनीच्या हाती होते. गवंड्याला वाटले त्याहून पुष्कळ लांब तिने ती धरायला लावली. वळण फुलझाडांच्या वाफ्यातून गेले, आणि वाफा गेल्याबद्दल मंडळीचे दोन वडील अजून नाराज आहेत.