नव्या डायरीचे पहिले पान

माउली, वर्ष सरत आले की शिरूरच्या बाजारात आपण नवी डायरी निवडायला उभे राहतो. पाने चाळतो, कोऱ्या कागदाचा वास घेतो, मन हरखते. घरी येऊन जुनी उघडावी, तर फेब्रुवारीनंतरची पाने कोरीच! मग हा आनंद खोटा का? आणि सारे पांडुरंगाच्या हाती, तर बेत आखायचेच कशाला?

वारीकडे पाहा. तिथी ठरलेली, यवत-वरवंडचे मुक्काम ठरलेले. वाटेतला पाऊस मात्र आपल्या हाती नाही. तरी आपण निघतोच ना? 2025 ची आषाढी 6 जुलैला झाली. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ असल्याने ती 25 जुलैला आहे. पंचांगात पाहून ती तारीख आधी लिहिली, की शेताची, दुकानाची कामे तिच्याभोवती बसवता येतात.

नेम करणे आपले काम, तो पार पाडून घेणे त्याचे. म्हणून आनंदाने डायरी निवडा. आधी एकादश्या लिहा. मग कुणाचे देणे राहिले, कोणत्या आजाऱ्याला भेटायचे राहिले, ते लिहा. बाकी पाने कोरी राहिली तरी चालतील; एवढी राहू देऊ नका.

रामकृष्ण हरी.