मध्यस्थाचा धर्म

ज्याच्या निर्णयावर दोन पक्षांचा जयपराजय अवलंबून असतो, त्याच्या हातून चूक झाली असे वाटल्यास दुखावलेल्या पक्षाने काय करावे? हा प्रश्न केवळ न्यायासनापुरता नाही. दोन मुलांचे भांडण मिटविणाऱ्या प्रत्येक गृहस्थापुढे तो उभा राहतो. क्रीडांगणावर तो सर्वांच्या डोळ्यांदेखत घडतो, म्हणून तेथीलच उदाहरण घेऊ.

११ एप्रिल २०१९ रोजी जयपूरच्या सवाई मानसिंह क्रीडांगणावर राजस्थान व चेन्नई या संघांचा क्रिकेटचा सामना होता. शेवटच्या षटकात पंच उल्हास गंधे यांनी नो-बॉल दर्शविण्यासाठी हात वर केला. परंतु दुसरे पंच ब्रूस ऑक्सनफर्ड यांना तो मान्य नव्हता, आणि नो-बॉल दिला गेला नाही. बाद होऊन बाहेर गेलेले चेन्नईचे कर्णधार महेंद्रसिंग धोनी तेव्हा मैदानात येऊन पंचांशी वाद घालू लागले. निर्णय बदलला नाही. अखेरच्या चेंडूवर षटकार बसून चेन्नईच जिंकली. तथापि कर्णधारास सामन्याच्या निम्म्या मानधनाचा दंड झाला.

येथे प्रथम पंचाचा विचार करू. गीतेच्या सहाव्या अध्यायात समबुद्धी पुरुषाचे वर्णन करताना उदासीन आणि मध्यस्थ असे दोन निराळे शब्द आले आहेत. श्रीशंकराचार्यांनी त्यांतील भेद दाखविला आहे : उदासीन तो, जो कोणाचाच पक्ष घेत नाही; मध्यस्थ तो, जो भांडणाऱ्या दोघांचेही हित इच्छितो. पंच हा या अर्थाने मध्यस्थ होय. त्याला निर्णय फिरवावासा वाटला, तर तो सत्यासाठी फिरविला की गलबल्याच्या भयाने, एवढाच प्रश्न उरतो. सत्यासाठी फिरविलेला निर्णय हा दोष नव्हे. भयाने राखलेला निर्णय मात्र बरोबर असला तरी दोषयुक्तच. अठराव्या अध्यायात भय व अभय यथार्थ जाणणे हे सात्त्विक बुद्धीचे लक्षण सांगितले आहे, ते याचसाठी.

परंतु पंचाचे अंतःकरण आपणास दिसत नाही. लोकांच्या क्षोभावरून न्यायाची परीक्षा करावी, तर तीही फसते. त्याच मैदानावर त्याच वर्षी २५ मार्च रोजी रविचंद्रन अश्विन यांनी चेंडू टाकण्यापूर्वीच रेषेबाहेर गेलेल्या जोस बटलर यांना धावचीत केले. पंचांनी नियमानुसार बाद दिले, तरीही मोठा क्षोभ उसळला. पुढे २०२२ मध्ये नियमकर्त्यांनी हा प्रकार अनुचित खेळाच्या प्रकरणातून काढून धावचीतच्या प्रकरणात घातला. म्हणजे क्षोभ हे अन्यायाचे प्रमाण नव्हे.

मग चुकीला उपायच नाही काय? आहे, पण तो व्यवस्थेत शोधावा. १९८६ मध्ये लाहोरच्या पाकिस्तान–वेस्ट इंडिज कसोटीत पक्षपाताची शंकाच राहू नये म्हणून व्ही. के. रामस्वामी व पिलू रिपोर्टर हे भारतीय पंच बोलाविले गेले. शंका होती म्हणून कोणी पंचावर धावून गेले नाही. मध्यस्थच अधिक निःशंक शोधला गेला. पुढे तटस्थ पंचांची प्रथा रूढ झाली, ती याच विचाराच्या वाटेने.

आता कर्णधाराचा विचार. त्यांची तक्रार खरी होती असे मानले, तरीही श्रेष्ठाच्या आचरणामागे इतर लोक जातात, हे भगवंतांनी तिसऱ्या अध्यायात सांगितले आहे. ज्या मुलांनी ते दृश्य पाहिले, त्यांना नियमातील बारकावा कळला नसेल. मोठा माणूस रागावला की सीमारेषा ओलांडतो, एवढे मात्र कळले. म्हणून ज्याचा मान मोठा, त्याचा संयमही मोठा असला पाहिजे.

घरातही असेच आहे. वडिलांचा निवाडा चुकला असे वाटले, तर मुलाने योग्य वेळी नम्रपणे सांगावे. आणि चूक पटली, तर वडिलांनी मानापमान बाजूस ठेवून ती कबूल करावी. ज्या घरात या दोन गोष्टी घडतात, तेथे निवाडा कधी चुकला तरी न्यायावरील श्रद्धा ढळत नाही.