पाहणारे आणि गुडघे टेकणारे

रोममध्ये पियात्सा नव्होनाच्या जवळ संत ऑगस्टीन यांच्या नावाचे चर्च आहे. ते १४८३ साली पूर्ण झाले. ऑगस्टीनची आई संत मोनिका हिची समाधी याच चर्चमध्ये आहे. तरीही परदेशी माणूस येथे शिरतो तो बहुधा कॅराव्हॅज्जोचे एक चित्र पाहण्यासाठी. आम्हीही त्याचसाठी गेलो. तेही हाताशी अर्धा तास मोकळा होता म्हणून. देवाच्या घरात असे सवडीने, चित्रासाठी म्हणून जावे काय?

प्रवेशद्वाराजवळच सान्सोव्हिनोने घडवलेली मारियामातेची संगमरवरी मूर्ती आहे. गर्भवती स्त्रिया सुखरूप प्रसूतीसाठी तिला साकडे घालतात. भाविकांनी चुंबून चुंबून झिजवलेल्या तिच्या पायाला चांदीचे आवरण आहे. शिल्पकार कोण, हे त्या स्त्रिया विचारीत नाहीत. त्यांची ती भक्ती आणि आमचे ते पर्यटन, असा निवाडा करून मोकळे होणे सोपे आहे. आम्हांला तो पटत नाही, आणि त्याचे कारण ते चित्रच आहे.

डावीकडच्या पहिल्या वेदीवरील ही 'लोरेतोची माता' १६०४ ते १६०६ च्या सुमारास रंगवली गेली. नाझरेथचे पवित्र घर देवदूतांनी लोरेतोला वाहून आणले, अशी परंपरागत श्रद्धा. म्हणून चित्रकार बहुधा आकाशातून जाणारे घर आणि त्यावर बसलेली मारिया दाखवीत. कॅराव्हॅज्जोने दाखवला फक्त एक दरवाजा. बाजूच्या भिंतीचा गिलावा उडालेला, आणि उंबरठ्यावर बाळ येशूला घेऊन उभी असलेली अनवाणी मारिया. समोर दोन गरीब यात्रेकरू गुडघे टेकून बसले आहेत. त्यांतील पुरुषाचे मळलेले तळवे थेट आपल्या डोळ्यांसमोर येतात. हे तळवे आणि म्हातारीची फाटकी टोपी यांवरून सामान्य लोकांनी मोठा गलका केला, असे चित्रकार बाल्योने याने नोंदवले आहे. (तो कॅराव्हॅज्जोचा वैरी, हे ध्यानात ठेवावे.) गलका रागाचा की आनंदाचा, यावर जाणकारांत आजही एकमत नाही.

हे यात्रेकरू तरी कशासाठी आले होते? एक घर पाहण्यासाठीच ना? यात्रेत पाहणे असतेच. मात्र त्यांनी पाहण्यासाठी पायपीट केली आहे, आणि मारिया त्यांच्याकडे मान कलवून पाहते आहे. पाहायला आलेला माणूस स्वतःही पाहिला जातो, याची जाणीव त्यांना आहे. आम्हांला ती तळव्यांपाशी उभे राहिल्यावर थोडीशी झाली. चित्राची मांडणीच अशी, की पाहणारा आपोआप त्या रांगेत तिसरा होतो.

एक अडचण मात्र उरते. पेटीत कोणीतरी नाणे टाकले, दिवा लागला, आणि बाकावर जपमाळ करणाऱ्या वृद्धेने दचकून मान वर केली. दाराशी कोणाला हेतू विचारू नये, असे आमचे मत आहे. पण ती बाई उठेपर्यंत नाणे खिशात ठेवणे कोणालाही जमण्यासारखे होते.