बुंध्याच्या आत काय आहे?

ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यात, पोर्टलंड गावाजवळ केप ब्रिजवॉटर नावाचं भूशिर आहे. खाली समुद्र काळ्या खडकांवर डोकं आपटतोय. वर कड्यावर दगडी बुंधे उभे. कुठं गुडघाभर, कुठं माणसाहून उंच. नाव पडलं : दगड झालेलं जंगल.

गोष्टही तयार. म्हणे इथं रान होतं, उडत्या वाळूनं ते गाडलं, झाडं कुजली, त्यांच्या जागी दगड झाला. बघणाऱ्याला पटायचीच. बुंधे तर डोळ्यांपुढं!

भूशास्त्राच्या अभ्यासकांनी तपासलं. झाड नव्हतंच. शिंपल्यांच्या चुऱ्याची, चुनखडीची वाळू. पावसाचं पाणी तिच्यातून खाली झिरपलं, चुना विरघळवत गेलं. त्या वाटेभोवती चुना पुन्हा घट्ट झाला. बाहेरची मऊ वाळू वारा-पावसानं झिजली, नळ्या तेवढ्या उरल्या. ज्याला खोड म्हणत होते, त्याच्या आत पोकळी.

झाडाचा दगड होतच नाही, असं नाही. न्यूझीलंडच्या क्युरिओ बे इथं ओहोटीला दगडी खोडं उघडी पडतात. ती सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीची खरी झाडं. लाकडाची वीण दगडात तशीच राहिलीय. म्हणजे फरक आकारात नाही, आत आहे. गिरणीत ताका लांबून बघून पास होत नाही. उजेडापुढं ओढून वीण बघावी लागते.

कुणी म्हणेल, गोड गोष्ट कशाला मोडायची? कुणाचं काय बिघडतं? कबूल, या जंगलानं कुणाचा घास हिरावला नाही. पण दिसतं तसं आहे, सगळे म्हणतात, नाव जुनं आहे, म्हणून खरं आहे, ही मनाची सवय एका कड्यावर थांबत नाही. तीच सवय खाली गावात उतरते. तिथं ती माणसाच्या मानेवर बसते, आणि म्हणते, हे पहिल्यापासून असंच आहे.

आणि गोष्ट मोडून गेलं काय? थेंबाथेंबानं पाण्यानं दगड घडवला, ही हकिकत कमी मोठी आहे का?

केप ब्रिजवॉटरला नाव अजून जुनंच आहे, पण शेजारचा फलक खरं काय ते सांगतो. माझं म्हणणं एवढंच : नाव राहायचं तर राहू दे, फलक हलता कामा नये. तो काढला, की दुसऱ्या दिवसापासून पोकळीची पुन्हा झाडं होतील.

म्हणून जुन्या बुंध्यापुढं हात जोडण्याआधी आत डोकावून बघा.