झाकलेली चूक

माणूस चुकांतून शिकतो, असे आपण मुलांना सांगतो आणि ते खरेही आहे. परंतु या शिक्षणाची फी कोणी भरायची, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. चूक माझी, धडा माझा आणि जखम मात्र दुसऱ्याच्या बोटाला, अशी वाटणी झाली, तर त्या धड्याचे पुण्य माझ्या खाती जमा होईल काय? हा प्रश्न मला कोणत्याही ग्रंथात प्रथम भेटला नाही. एका मिटणाऱ्या चाकूने तो माझ्यापुढे ठेवला.

माझे वडील जोगेश्वरी पूर्वेला एका लहानशा गाळ्यात फिटर होते. त्यांच्या पश्चात त्यांची हत्यारे माझ्याकडे आली: व्हाइस, हातोड्या, लहानमोठ्या कानशी. मी पेशाने शिक्षक. लोखंडाशी माझा संबंध खडूच्या डबीपुरताच. निवृत्तीनंतर हात रिकामे राहू लागले, तेव्हा रत्नागिरीकडच्या माझ्या मामूंसाठी खिशात मावेल असा एक चाकू आपल्या हाताने घडवावा, असे मनात आले. मामू आंब्याची कलमे बांधतात. कोयीतून उगवलेले दहा-पंधरा दिवसांचे कोवळे रोप घ्यायचे, त्याचा शेंडा छाटायचा, खोडाला मधोमध उभी चीर द्यायची आणि हापूसची काडी पाचरीसारखी तासून त्या चिरेत बसवून वरून पट्टी बांधायची. पाते बोथट असेल, तर काप खरबरीत होतो, दोन्ही अंगे एकमेकांना भिडत नाहीत आणि कलम मरते.

घरात बेत सांगितला, तेव्हा पत्नी प्रथम गप्पच राहिली. १९९२-९३ च्या दंगली जिने पाहिल्या त्या जोगेश्वरीत 'चाकू' हा शब्द आजही सहज उच्चारला जात नाही. "खिशात घालून फिरू नका म्हणजे झाले," एवढेच ती म्हणाली. मी तिला आंब्याची कलमे समजावून सांगत बसलो. हत्याराचे भले-बुरेपण नीयतीवर ठरते, असे मोठ्या ऐटीत सांगितले. नीयत चांगली असूनही हत्यार वाईट निघू शकते, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नव्हते.

जुनी कानस तापवून लाल केली आणि राखेत पुरून रात्रभर सावकाश थंड होऊ दिली, की ते पोलाद कापण्याइतके मऊ होते. पात्याला आकार दिल्यावर त्याला पुन्हा तापवून पाणी द्यायचे. पोलाद पुरेसे तापले, की त्याला लोहचुंबक चिकटत नाही. ही खूण पाहून मी पाते खरोखरच पाण्यात बुडवले. 'टिक्' असा बारीक आवाज आला. भिंगाखाली पाहिले, तर केसाएवढी चीर. अशा पोलादाला तेलात विझवलेले बरे, हे मला एक पाते गमावून कळले. दुसरे पाते तेलात विझवले. ते छान कडक झाले. मग हलक्या आचेवर गवती पिवळा रंग येईपर्यंत उतरवले. परंतु शेवटची धार लावताना ग्राइंडरवर घाई केली आणि टोक निळे पडले. तो निळा रंग दिसायला सुंदर असतो, पण पात्यावर तो आला म्हणजे तिथली कडकी गेली. तेही पाते टाकले. मजेची गोष्ट अशी, की पाठीच्या कमानीला मात्र तोच निळा रंग मुद्दाम आणावा लागतो. तिला कडकपणाहून लवचीकपणा हवा.

इथपर्यंतच्या चुकांची मला आजही लाज वाटत नाही. त्यांची किंमत मीच मोजली होती: दोन कानशी, काही संध्याकाळी आणि तळहातावर एक भाजल्याचा डाग.

अशा चाकूला कुलूप नसते. पाठीमागची पोलादी कमान पात्याच्या बुडावर दाब धरते आणि त्या दाबावरच पाते उघडे राहते. ही कमान घासताना माझा हात जरा जास्त चालला. ती पातळ झाली. दाब कमी पडला. नवी कमान करायची तर सारे पुन्हा खोलावे लागणार होते, आणि ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारातून शोधून आणलेल्या शिसवी तुकड्यांची मूठ तर बसवून झाली होती. मी रिव्हेट ठोकून अधिक आवळला. आता पाते घट्ट फिरू लागले. हाताला वाटे, कमान किती जोरकस आहे! वस्तुतः कमानीचे काम घर्षण करीत होते आणि घर्षण वापराने झिजते, हे मला ठाऊक होते. ईदला मामूंना चाकू दिला. त्यांनी तो उघडून-मिटवून पाहिला आणि भाच्याचे कौतुक घरभर सांगितले.

पावसाच्या तोंडाशी, कलमांच्या दिवसांत, काडी तासताना ते पाते त्यांच्या तर्जनीवर मिटले. पाच टाके पडले. फोनवर मामू म्हणाले, "चाकूचा काय दोष? वय झाले, माझाच हात घसरला."

मी गप्प राहिलो.

प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असता त्यांनी धान्याच्या एका राशीत हात घातला आणि आत ओल लागली, ही घटना आपण सर्वांनी ऐकली आहे. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. त्या घटनेकडे मी आयुष्यभर फसवणुकीची गोष्ट म्हणून पाहत आलो होतो. आता एक वेगळीच गोष्ट दिसली: पाऊस पडला यात त्या माणसाचा काहीच अपराध नव्हता. ओले धान्य वर ठेवले असते, तर ती केवळ एक अडचण ठरली असती. ते खाली गेले आणि त्याच क्षणी अडचणीचे फसवणुकीत रूपांतर झाले. माझी पातळ कमान हा पाऊस होता. आवळलेला रिव्हेट पावसाने आणला नव्हता.

आपल्या फिकहचे जाणकार चुकून झालेले कृत्य आणि जाणूनबुजून केलेले कृत्य वेगळे मानतात. चुकीबद्दल पाप लागत नाही. परंतु चुकून का होईना, दुसऱ्याची हानी झाली तर भरपाईची जबाबदारी, जिला 'जमान' म्हणतात, ती सुटत नाही. तौबेबाबतही विद्वानांनी हाच विवेक राखला आहे. पश्चात्ताप, त्या कृत्याचा त्याग आणि पुन्हा न करण्याचा निश्चय या तीन अटी अल्लाह आणि दास यांच्यातल्या. जिथे माणसाचा हक्क बुडाला, तिथे तो हक्क परत करण्याची चौथी अट येते. मी नमाजनंतर पहिल्या तिन्ही अटी अनेकदा पूर्ण केल्या. चौथीसाठी फोन उचलावा लागणार होता.

कुरआन सांगतो, की अल्लाहने प्रेषित दाऊद (अ.) यांच्यासाठी लोखंड मऊ केले आणि त्यांना चिलखते घडवण्यास सांगितले, तिथेच कड्यांचे माप नेमके राखण्याची ताकीदही आहे. एका प्रेषिताला कड्यांच्या मापाची ताकीद का असावी, असे पूर्वी वाटे. चिलखत घालणारा दुसराच कोणी असतो. एक कडी ढिली राहिली, तर ती घडवणाऱ्याला टोचत नाही.

अडीच महिन्यांनी मी स्वतःच मामूंकडे गेलो. रिव्हेटची हकीकत सांगितली आणि त्यांच्या फोननंतरच्या माझ्या मौनाचीही. ते बराच वेळ बोट चोळत बसले. तर्जनी अजून पुरती वाकत नव्हती. मग त्यांनी दवाखान्याची पावती शोधून काढली आणि तेवढे पैसे मोजून घेतले. बुडालेल्या चार दिवसांच्या मजुरीचे पैसे मी पुढे केले, ते त्यांनी परत सारले. "तो चाकू मोडू नकोस," ते म्हणाले, "कमान बदल. आणि मूठ बोटभर लांब कर. माझा हात मोठा आहे, तू मापच घेतले नव्हतेस."